बोरीचा काटा

पांढरे सरांनी मला कधी मारलं नाही, आणि हे मी त्यांच्या कौतुकानं सांगत नाही. मुलींवर हात उचलायचा नाही असा त्यांचा नेम होता, एवढंच. त्यामुळे जालन्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या एम.एस्सी.ला आम्ही जे चौघं होतो, त्यातली मी एकटी कोरडी राहिले. बाकीचे तिघे म्हणायचे, शेळके, म्हणूनच तुझं लॅटिन कच्चं. त्यात तथ्य होतं. त्या तिघांना आजही झोपेतून उठवून विचारलं तर नामं चालवता येतील. मला शब्दकोश उघडावा लागतो.

वनस्पतिशास्त्राच्या पोरांना लॅटिन कशाला, असं माझ्या वडलांनीही विचारलं होतं. ते अंबडच्या कोर्टात कारकून होते आणि अभ्यासक्रम म्हणजे कलम, असं समजून वाचायचे. लॅटिन लागायचं त्याचं कारण असं, की जगात कुठंही नवी वनस्पती सापडली तर तिचं वर्णन लॅटिनमध्ये छापल्याशिवाय ती नवी म्हणून धरली जात नसे. तेव्हा तसा नियमच होता. अभ्यासक्रमात या लॅटिनसाठी दहा ओळी होत्या, आणि बाकी कॉलेजांत शे-सव्वाशे शब्दांची यादी लिहून देऊन ते प्रकरण मिटवत. पांढरे सर मात्र अख्खं व्याकरण शिकवायचे. सकाळी साडेसातला तास. रोज पाच वाक्यांचं भाषांतर.

सहा फुटांचा, काळा, खांद्यात किंचित वाकलेला माणूस. टेरिलीनचा पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि हातात वडलांची बाभळीची काठी. हे घराणं मेंढरांमागं फिरणारं, भोकरदन तालुक्यातल्या धावड्याचं. सर त्यातले पहिले शिकलेले. काठी ते टेबलावर ठेवत नसत, आपटत. मग तिच्याच तालावर आम्ही शब्द चालवायचो, एका विभक्तीला एक ठोका. ठोका चुकला की पुढचा ठोका टेबलावर पडत नसे.

लॅटिनमध्ये सगळी मेख शब्दाच्या शेवटात असते. कोणी केलं आणि कोणाला केलं, हे शेपटावरून कळतं. सर सांगायचे, "मेंढरू मागच्या पायाला धरतेत, अन् लॅटिन शब्द शेपटाला. तोंडाला धरायला गेलात तर हिसका देऊन पळते." आणि दुसरं एक वाक्य रोजचं. वाक्य समोर आलं की आधी करणारा शोधायचा. मारलं कोणी, पळवलं कोणी. तो सापडल्याशिवाय पुढं जायचं नाही.

मारलं आणि पळवलं हे मी उगीच म्हणत नाही. सर ज्या पुस्तकातून शिकवत, ते त्यांना लॅटिन शिकवणाऱ्या एका म्हाताऱ्या फादरांनी दिलेलं होतं, आणि त्यात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत लढायाच होत्या. सैनिक तलवारी उपसायचे, राजा भावाला ठार करायचा, दासांना फटके बसायचे. फुलापानांची नाजूक भाषा म्हणून आम्ही शिकायला बसलो आणि पहिल्या महिन्यातच आमच्या वह्या रक्तानं भरल्या. सरांना त्याचं काही वाटत नसे. गावं जाळल्याचं वाक्य आलं की म्हणायचे, यात नवीन काय, रझाकारांच्या वक्ताला आमच्या आज्यानं डोळ्यांनी पाह्यलं.

त्याच वाक्यावरून दिलीप जाधवचा कान गेला. दिलीप वाटूरचा, मराठीत कविता करणारा, जरा नटवून लिहिण्याची सवय. 'सैनिकांनी शेतकऱ्यांची गावं जाळली' एवढं साधं वाक्य. त्यानं लिहिलं, 'सैनिकांच्या हातून कृषकांची ग्रामे अग्नीच्या भक्ष्यस्थानी पडली.' सरांनी ते दोनदा वाचायला लावलं. मग शांतपणे जवळ आले.

"पडली? आपोआप पडली? जाळलं असेल तर जाळलं म्हण. कोणी जाळलं ते म्हण. गावं जळून राह्यली अन् तू फुलं वाहून राह्यला?"

आणि उघड्या पंजानं त्याच्या डाव्या कानावर मारलं. दिलीप बाकासकट आडवा झाला. कानातून पाण्यासारखं काहीतरी आलं आणि त्यात तांबडा धागा होता. सरांनीच त्याला स्कूटरवर घालून दवाखान्यात नेलं. तिथल्या बाकावर नंबर येईपर्यंत त्याच्याकडून तेच वाक्य पुन्हा करून घेतलं, उजव्या कानात बोलून. दिलीप हे आजही हसत सांगतो. मी हसत नाही. पोराचा कान फोडणाऱ्या माणसाचा मला राग होता, आणि तो माणूस मला फार आवडायचा. या दोन गोष्टी माझ्यात आजवर शेजारी शेजारी नांदतात.

हा मार कुठून आला, ते सरांनी एकदाच सांगितलं, धावड्याच्या माळावर नमुने गोळा करताना. वडील त्यांना डोळे झाकायला लावून हातात गवताची काडी द्यायचे. बोटांनी चाचपून नाव सांगायचं. कुसळी, पवना, मारवेल, शेडा. चुकलं की थोबाडीत. धाकटा भाऊ म्हादू कधी चुकायचा नाही, त्यामुळे त्याच्या वाटणीचंही मोठ्यानंच खाल्लं. पुढं एका रब्बीत मेंढरं कोणाच्या तरी उभ्या ज्वारीत शिरली. वावरवाल्या चौघांनी वडलांना धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आडवं पाडून कुऱ्हाडीच्या दांड्यानं मारलं. सर तेव्हा बारा वर्षांचे, बाभळीवर चढून बसलेले. वडील त्या मारानंच गेले, तिसऱ्या दिवशी. सांगून झाल्यावर सर म्हणाले, चला, ऊन वाढून राह्यलं.

त्याच माळावर त्यांना एक गवत सापडलं होतं. बोटभर उंचीचं, मुरमाला चिकटून वाढणारं, भादव्यात वीस-एक दिवस जांभळट तुरा काढणारं. कोणत्याच पुस्तकात नव्हतं. सरांनी चार वर्षं खात्री केली, मग लॅटिन वर्णन लिहून बाहेरच्या एका नियतकालिकाकडे धाडलं. तेव्हा त्यांना लॅटिन येत नव्हतं. दुसऱ्यांच्या वर्णनांतले तुकडे उचलून जोडले होते. लेख परत आला. सोबतच्या पत्रात दोन गोष्टी होत्या: लॅटिन वाचण्याजोगं नाही, आणि पिकलेल्या दाण्याचं वर्णन नाही, त्याशिवाय विचार करता येणार नाही.

ते पत्र वाचून सरांनी प्रयोगशाळेच्या भिंतीवर ठोसा मारला. दोन बोटं मोडली. ती बांधलेली असतानाच दर रविवारी त्या फादरांकडे जायला लागले, दोन वर्षं, एक रविवार न चुकवता. लॅटिन असं आलं. दाणे मात्र मिळेनात, आणि तुरा पिकायच्या आत म्हादूची मेंढरं तो खाऊन जातात, असं सरांनी धरलं होतं. सगळी गोष्ट येऊन अडली होती ती त्या दाण्यावर. मेंढरांमागच्या घरातला माणूस, जगातल्या एका गवताला पहिल्यांदा नाव देणार होता. दुसरं कोणी आधी पोचलं असतं तर सरांनी काय केलं असतं, याची कल्पनाही मला नको वाटते.

म्हणून त्यांनी कुंपण घातलं. गवत सगळ्यात दाट होतं तो दहा-बारा गुंठ्यांचा तुकडा बोरी-बाभळीच्या काट्या रचून पुरुषभर उंच बंद केला. आम्ही चौघांनी काट्या ओढल्या, हात सोलून निघाले. म्हादू लांब काठीवर हनुवटी टेकून बघत होता. सरांहून बारीक, डोळे मात्र तेच. शेवटी जवळ येऊन एवढंच म्हणाला, "दादा, हे गवत काट्यांत न्हाई राह्यचं. मेंढरू फिरलं तरच राह्यतं."

सर म्हणाले, तू आता मला गवत शिकवणार का. म्हादू मेंढरांकडे वळला. खरं उत्तर 'हो' होतं.

पहिल्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला आणि तुरेच वाळले. दुसऱ्या वर्षी भादव्यात सर आम्हाला घेऊन दाणे बघायला निघाले. एसटीत त्यांचा पाय सारखा हलत होता. गवताचं स्वतः लिहिलेलं वर्णन त्यांनी आम्हाला भाषांतराला दिलं होतं, आणि दाण्यापुरती दोन ओळींची जागा कोरी सोडली होती. ती आज भरायची होती.

माळावर पोचलो तर कुंपणाला दोन ठिकाणी खिंडार पाडलेलं, आणि आत म्हादूची सगळी मेंढरं चरत होती. म्हादू मधोमध उभा. चोरून घातली असती तर आम्हाला बघून त्यानं हाकलली असती. तो हलला नाही. उलट हात करून सरांना बोलावत होता, काहीतरी दाखवायचं असल्यासारखा.

सरांनी पिशवी खाली टाकली. ते पळाले नाहीत, चालत गेले. पहिली काठी म्हादूच्या पायावर बसली, मेंढराला घालावी तशी, नडगीवर. तो खाली बसला. मग पाठीवर, खांद्यावर, पुन्हा पाठीवर. सर मोजून मारत होते, आणि तो ताल माझ्या ओळखीचा होता. साडेसातच्या तासाचाच ताल. म्हादूनं कोपर वर करून तोंड झाकलं. तो एकदाच बोलला, "दादा, आधी बघ तर." सरांनी त्याच्या छातीला लाथ घातली आणि तो मागं कुंपणावर गेला, तोंडावर वळून, सगळ्या अंगानिशी बोरीच्या काट्यांत.

ओरडला तो त्यानंतर. मी माणसाचा तसला आवाज आधी ऐकला नव्हता.

दिलीपनं आणि बाकीच्या दोघांनी मिळून त्याला सोडवलं. काटा उजव्या डोळ्यात मोडलेला होता. सर काठी धरून उभे, आणि मेंढरं पुन्हा चरायला लागली होती. औरंगाबादच्या दवाखान्यात पोचेस्तोवर संध्याकाळ झाली आणि डोळा काढावाच लागला. जबाब घ्यायला जमादार आला. म्हादूच्या अंगावर काठीचे वळ होते, निळे-काळे, कोणालाही वाचता येतील असे. जमादारानं विचारलं, कोणी मारलं?

"कोणी न्हाई," म्हादू म्हणाला. "मेंढरं काढायला गेल्तो. पाय सरला. बोरीचा काटा लागला."

मग जमादार आमच्याकडे वळला. आम्ही चौघांनीही काटाच सांगितला. सव्वा वर्ष आम्हाला एकच गोष्ट काठीच्या तालावर शिकवली होती, आधी करणारा शोधा. तो दवाखान्याच्या दाराशी भिंतीला पाठ लावून बसला होता आणि आम्ही त्याचं नाव घेतलं नाही. भीतीनं घेतलं नाही, मायेनं घेतलं नाही, परीक्षेचे गुण त्यांच्या हातात होते म्हणूनही घेतलं नाही. त्यानंतर मला लॅटिन कधी नीट आलं नाही, ते बहुतेक यामुळे.

तिसऱ्या वर्षी मी त्याच विभागात तासिकेवर शिकवायला लागले होते. सरांनी काट्या काढून तारेचं कुंपण केलं होतं, फाटकाला कुलूप. भादव्यात ते कुलूप उघडलं तेव्हा बरोबर मी एकटी होते. आत कंबरेएवढं गवत माजलेलं. कुसळी आणि पवना, नुसतं रान. सर गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी ते उपटायला लागले. तळहात कापले तरी उपटत राहिले. खाली बोटभर गवताची एक काडी नव्हती. उंच गवतानं त्याचं ऊन खाऊन टाकलं होतं.

बाहेर, तारेला लागून म्हादूच्या मेंढरांची रोजची वाट होती. कुसळी तिथं खुरांखाली टिकत नव्हती, मेंढरांनी खाऊन तुडवून तिला वरच येऊ दिलं नव्हतं. आणि त्या तुडवलेल्या मुरमात, जिथं सरांनी कधी वाकून पाहिलं नव्हतं, ते गवत होतं. भुईसपाट पसरलेलं, मेंढराच्या तोंडाला न लागण्याइतकं खुजं, वाटभर दाट. तुऱ्यांत पिकलेले दाणे. आदल्या साली म्हादू आत उभा राहून हेच दाखवत होता. कुंपणात गवत गुदमरताना त्यानं पाहिलं होतं आणि आपल्या भावाचं गवत वाचवायला मेंढरं आत घातली होती.

सरांनी चार दाणे तळहातावर घेतले. हाताला रक्त होतं, त्यात ते चिकटले. तिथंच बसून भिंगातून बघत त्यांनी मला वर्णन सांगितलं, आधी लॅटिनमध्ये आणि मग, मी चुकू नये म्हणून, मराठीत. आवाज कुठं हलला नाही. दोन ओळी झाल्यावर म्हणाले, आता शेवटची ओळ खोड. शेवटच्या ओळीत ते गवत कुठं राहतं ते होतं, 'उघड्या मुरमाड माळावर' असं. त्या जागी त्यांनी लिहायला सांगितलं, इन पास्कुईस आब ओविबुस काल्कातिस. मेंढरांनी तुडवलेल्या कुरणात.

या खेपेला लेख छापून आला. त्यातल्या लॅटिनला कोणी बोट लावलं नाही.

त्या मारहाणीनंतर वर्गात काठी पुन्हा दिसली नव्हती. कोणी चुकलं की सर दोन्ही हात मागं घेऊन डाव्या हातानं उजवं मनगट धरायचे आणि तसेच उभे राहायचे. लोक म्हणाले, पांढरे सर निवळले. मला तसं कधी वाटलं नाही. जनावर बांधून ठेवलंय आणि दावं त्यांच्याच हातात आहे, असं ते मनगट बघून वाटायचं. निवृत्तीनंतर ते धावड्याला गेले आणि म्हादूबरोबर मेंढरांमागं जायला लागले, असं कानावर आलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते नवं शतक लागल्यावर तीन-चार वर्षांनी. माझ्या विद्यार्थ्यांना ते गवत दाखवायला माळावर घेऊन गेले होते. तारेचं कुंपण कधीच गेलेलं, नुसते दगडी खांब उरलेले. दोघे भाऊ मेंढरांमागून येताना दिसले. दोघेही म्हातारे, पटके गुंडाळलेले. म्हादूच्या हातात काठी होती आणि सर रिकाम्या हातानं त्याच्या उजव्या अंगाला चालत होते, डोळा नव्हता त्या बाजूला. वाटेत दगड आला की हळू आवाजात सांगत होते.

मला बघून हसले. म्हणाले, शेळके, नामं चालवता येतात का आता? मी नाही म्हणाले. पोरांना मी छापलेलं पान दाखवलं होतंच. म्हादूकडे बघून एकानं विचारलं, बाबा, यात तुमचं नाव आहे का? म्हादू म्हणाला, "न्हाई. मेंढरांचं हाये. दादानं वाचून दाखवलं. बराबर लिव्हलंय."

मग माझ्या वर्गातल्या एका भाबड्या मुलीनं विचारलं, बाबा, डोळ्याला काय झालं? म्हादूनं लगेच सांगितलं, बोरीचा काटा लागल्ता, लई जुनी गोष्ट. इतकी वर्षं सांगून ते वाक्य गुळगुळीत झालं होतं.

"न्हाई," सर म्हणाले. "मी मारलं. याचा डोळा मी फोडला."

वीस वर्षांपूर्वी जे आम्ही चौघांनी सांगायला हवं होतं, ते त्यांनी चार शब्दांत सांगून टाकलं होतं. म्हादू खाली बघत मुरमात काठीनं रेघा ओढत होता. मग ती मुलगी चाचरत म्हणाली, सर, ते गवत कुठं आहे? तिला बहुतेक विषय बदलायचा होता. सरांनाही.

पलीकडची वाट दाखवायला सरांनी उजवा हात वर केला. तसा समोर उभ्या म्हादूचा कोपर झटकन वर गेला, आणि उरलेला डोळा त्यानं त्यामागं झाकून घेतला.

मग म्हादूच लाजल्यासारखा हसला आणि कोपर खाली घेतला. सरांनी हात मागं नेला, डाव्या हातानं मनगट धरलं, आणि मानेनंच आम्हाला दाखवलं, त्या तिथं आहे, मेंढरं गेली त्या वाटेवर.